दादाचा खोकला

माझ्या दादाला खोकला नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या घरात त्याच्या खोकल्याबद्दल सगळे बोलतात आणि त्याला खोकताना मी तरी कित्येक वर्षांत ऐकलेलं नाही.

दादा शाळेत विज्ञान शिकवायचा. नाव मात्र झालं ते नशेवरच्या व्याख्यानांमुळे. शाळा, कारखाना, ड्रायव्हर लोकांची संघटना, कुठूनही बोलावणं आलं की हा आपला कापडी माणूस गुंडाळून निघायचा. तो माणूस मी शिवून दिलेला. माझं शिवणकामाचं दुकान आहे. जाड कापडावर पुरुषभर उंचीचा देह आणि त्यावर टिचबटणांनी लावायचे अवयव. मेंदू पिवळ्या फ्लॅनेलचा, काळीज लाल मखमलीचं, फुफ्फुसं कुठल्याशा कोटाच्या उरलेल्या अस्तराची.

एकेक अवयव उपटून हातात धरायचा आणि सांगायचा. उत्तेजक पोटात गेलं की काळीज उधळतं, भूक मरते, झोप उडते, आणि पुढेपुढे सगळं जग आपल्यावर टपलंय असं वाटायला लागतं. शामकाचं उलट. हातपाय ढिले, जीभ जड, कालचं आज आठवत नाही. दारू त्याचीच सख्खी बहीण, दोघं एकत्र आली की श्वासावर बसतात. भ्रम घडवणारी द्रव्यं नसलेलं दाखवतात. अफूचं कुटुंब तो शेवटी घ्यायचा.

"हे दुखणं मारतं," तो म्हणायचा, "पण दुखण्याबरोबर आतडीही झोपतात. डोळ्यातल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात. आणि मात्रा वाढली की श्वास घ्यायचंच शरीर विसरतं!" मग तो फुफ्फुसं टचकन उपटायचा. पुढच्या रांगेतली माणसं दचकायची.

सांगायचा छान, नाही कशाला म्हणू? पण लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. अफूच्या त्याच कुटुंबातलं एक द्रव्य खोकल्याच्या काही औषधांत असतं. एका हिवाळ्यात दादाला खरोखरच खोकला झाला होता, तेव्हा डॉक्टरांनी ते लिहून दिलं. खोकला गेला, बाटली राहिली. नंतर बाटल्या झाल्या.

आणि त्याचं तर्कशास्त्र ऐका. नशा म्हणजे काय, तर जी कोपऱ्यावर चोरून मिळते ती. दुकानात काचेच्या कपाटातून काढून देतात ते औषध. बाटलीला तोंड लावतो तो व्यसनी, चमच्यानं घेतो तो रुग्ण. म्हणून हा मनुष्य अख्खी बाटली चमच्याचमच्यानं रिकामी करायचा. चमचा भरायचा, गिळायचा, चाटायचा, पुन्हा भरायचा. एकदा मी समोर बसून ते सगळं पाहिलं आणि मला जेवण गेलं नाही. वहिनी शेजारी बसून शांतपणे भाजी निवडत होती. नवरा व्यसनी नाही याची तिला खात्री होती, कारण चमचा रोज तीच धुऊन ठेवायची.

त्या घरात शिरलं की शिसारी यायची. सगळीकडे तो खोटा, फळासारखा गोड वास. उशीच्या अभ्र्यावर मुंग्या. दाराची कडी चिकट, टॉवेल चिकट. आतडी झोपल्यामुळे हा सकाळी संडासात जाऊन बसला की आतून कुंथण्याचे आवाज, आणि बाहेर वहिनी रेडिओ मोठा करायची. पाहुण्यांसमोर नाक खाजवून खाजवून लाल करायचा, मग बसल्या बसल्या पेंगायचा, हनुवटीवरून लाळ. सख्खा भाऊ आहे माझा. तरी त्याच्या हातचं पाणी मला नकोसं वाटायचं.

मग हर्निया निघाला आणि ऑपरेशन ठरलं.

ऑपरेशनच्या सकाळी मी वॉर्डात पोहोचले तेव्हा दादा कॉटवर पाय पोटाशी घेऊन पडला होता. आदल्या दिवसापासून दवाखान्यात, म्हणजे औषध बंद. नाक गळत होतं, जांभयांवर जांभया, हातावर सोललेल्या कोंबडीसारखा काटा. बाहुल्या आता चांगल्या मोठ्या झाल्या होत्या. नर्स म्हणाली, सरांना सर्दी झालीय वाटतं. दादा म्हणाला, हो, एसीचा त्रास.

भूल देणाऱ्या डॉक्टरबाई आल्या. तरुण होत्या, घाईत नव्हत्या. "सर, रोजची काही औषधं? झोपेची गोळी, दारू, तंबाखू, दुसरं काही?"

"छे, छे!" दादा हसला. "अहो, मी नशेवर व्याख्यानं देतो."

आणि खरोखर सुरू झाला, उत्तेजकांपासून. बाई कौतुकानं ऐकत होत्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी वहिनीकडे पाहिलं. ती हळूच मान हलवून मला गप्प राहायला सांगत होती.

बाई शेजारच्या कॉटकडे गेल्या, तसा वहिनीनं पिशवीतून थर्मास काढला. "तोंड ओलं करायला गरम पाणी आणलंय हो," ती जरा मोठ्यानंच म्हणाली. झाकण उघडलं आणि तोच वास आला.

मी तिचं मनगट धरलं. "वहिनी, शुद्धीवर आहात का? उपाशीपोटी ठेवलंय त्याला. वरून भूल देणार, शामक देणार. श्वास थांबला तर?"

"वन्सं, हळू बोला," ती कुजबुजली. "त्यांच्याकडे बघवत नाही मला. आणि इथे कळलं तर सगळ्या गावात होईल. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"मूठ झाकून माणूस जाईल!" मी ओरडले. सगळा वॉर्ड वळून बघायला लागला. "डॉक्टर, इकडे या. हा रोज अफूवर्गातलं खोकल्याचं औषध पितो. बाटल्याच्या बाटल्या. ही सर्दी नाही."

डॉक्टरबाई परत आल्या. दादा उठून बसला. चेहरा घामानं ओला, आवाज मात्र वर्गातला. "माझी धाकटी बहीण आहे. लहानपणापासून जळते माझ्यावर. शिंपीकाम करते, तिला औषधातलं काय कळतं? विचारा माझ्या बायकोला."

बाईंनी वहिनीकडे पाहिलं. "सांगा ताई. हे मला माहीत नसेल तर टेबलावर त्यांचा श्वास गेला तरी मला कारण कळणार नाही."

थर्मास घेऊन वहिनी भिंतीतल्या बेसिनपाशी गेली आणि तिनं तो उपडा केला. घट्ट, तांबडं औषध पांढऱ्या बेसिनवरून सावकाश ओघळायला लागलं.

दादा कॉटवरून उतरला. सलाइनची नळी ताणली गेली, स्टँड खडखडला, दवाखान्याचा झगा मागून उघडा पडला. त्याला कशाचंच भान नव्हतं. त्यानं बेसिनमध्ये हात घातला, जाळीपाशी साचलेलं, जिथे सगळा वॉर्ड चुळा भरून थुंकत होता तिथलं ते बोटांनी निपटलं आणि बोटं तोंडात घातली. एकदा नाही. चोखत राहिला.

शेजारच्या कॉटवरच्या म्हाताऱ्यानं तोंड फिरवलं. वहिनी मात्र बघत उभी राहिली, आणि मग ती पहिल्यांदाच रडली, ओठ न मिटता, मोठ्यानं.

तो आवाज ऐकून दादा थांबला. त्यानं आपल्या बोटांकडे पाहिलं, मग डॉक्टरबाईंकडे. हनुवटी तांबडी झाली होती.

"आज ऑपरेशन नाही," बाई हलक्या आवाजात म्हणाल्या. "आधी हे बघू. सर, केव्हापासून घेताय?"

त्यानं सवयीनं वहिनीकडे पाहिलं, उत्तर तिनं द्यावं म्हणून. ती रडतच होती.

"लिहून घ्या," दादा म्हणाला. "मी सांगतो."