फोटोतून पुसलेले डाग

माझ्या सव्वीस वर्षांच्या भावावर अन्याय झाला तो शनिवारी सकाळी अकरा वाजता, त्याच्या हळदीच्या बरोबर आठ दिवस आधी, आमच्याच गल्लीतल्या दवाखान्यात. त्याच्या पापण्यांच्या आतल्या कोपऱ्यांवर पिवळट, चपटे डाग आले होते. रक्त तपासू का, असं त्यानं स्वतःहून विचारलं. डॉक्टर हसले. "पांडवलेणीच्या पायऱ्या रोज पळत चढतोस, अंगावर मांस नाही, तुला कसलं कोलेस्टेरॉल? लग्न आहे ना, फेशियल कर." वडील कशाने गेले, एवढा एक प्रश्न विचारायचा होता. त्यांनी विचारला नाही.

हळदीच्या दिवशी करवल्या ओल्या टॉवेलने त्याच्या पापण्या घासायला लागल्या. "नवरदेवाला घाई बघा, आधीच हळद लावून आलाय." सटाण्याहून आलेली आत्या म्हणाली, "नका घासू गं, ते जायचं नाय. आमच्या घराण्याचंच हाय ते." आणि तिने स्वतःच्या पापण्या कौतुकाने पुढे केल्या. सगळ्या हसल्या. मीही हसले.

तीन महिन्यांनी अंबडच्या कारखान्यात तो पार्ट तपासत होता. नेहमीसारखा उजवा डोळा मिटला, डावा भिंगाला लावला, तर पार्टचा खालचा अर्धा भाग राखाडी. भिंग पुसलं. तरी राखाडी. चौथ्यांदा पुसल्यावर त्याने मला फोन केला. "ताई, भिंग खराब नाहीये."

डोळ्यांच्या डॉक्टर बाईंनी थेंब टाकून आत बघितलं. पडद्यावरची एक शीर तुंबली होती, भोवती रक्त आणि सूज. "या वयात हे दिसलं की मी कारण शोधते," त्या म्हणाल्या आणि त्याच्या पापण्यांकडे बघत राहिल्या. "वडील?"

"हार्टने गेले. त्रेचाळिसाव्या वर्षी."

"त्यांना असे डाग होते?"

भावाने मोबाइल काढला. त्यात आमच्या हॉलमधल्या, हार घातलेल्या फोटोचा फोटो. बाबा हसताहेत, पापण्या स्वच्छ. "नव्हते, मॅडम."

"होते," मी म्हणाले. "मीच काढायला लावले."

बाबा गेले तेव्हा मी नऊ वर्षांची, हा पाच. फोटो मोठा करून घ्यायला चुलत्यांबरोबर देवळाली कॅम्पातल्या स्टुडिओत गेले होते. काँप्युटरवर बाबांचा चेहरा आला आणि मी बोट लावून सांगितलं, हे पिवळं काढा, बाबा छान दिसू देत. दोन मिनिटांत निघालं. एकवीस वर्षं आम्ही त्या स्वच्छ पापण्यांना हार घालत आलो. डॉक्टरांवर चिडायचा हक्क मला आहे, पण पूर्ण नाही.

रिपोर्ट आला. वाईट कोलेस्टेरॉल हद्दीच्या दुपटीहून जास्त. हे घराण्यातून येतं, बारीक माणसालाही सोडत नाही, घरातल्या सगळ्यांना तपासा, असं बाईंनी बजावलं. माझंही वाढलेलं निघालं. "मला काय धाड भरलीय" म्हणणाऱ्या आत्याचंही. भावाच्या डोळ्यात इंजेक्शनं चालू आहेत. सूज उतरतेय. राखाडी किती जाईल, कुणी सांगत नाही. उजवा डोळा आणि हृदय वाचवायचंय, म्हणून रोज गोळी. तो घेतो, मी घेते, आत्याला फोन करून घ्यायला लावते.

एरवी मी पाणी, बस, रस्ते यांच्या मागण्यांची पत्रकं काढते. आता लग्नाच्या लॉन्सच्या फाटकात उभी राहून हे तुमच्या हातातलं पत्रक वाटते. एक वरबाप म्हणाला, "ताई, शुभकार्यात दवाखाना कशाला?" मी म्हटलं, "आमच्याही शुभकार्यात नको होता." त्याने घडी घालून खिशात ठेवलं.

डाग म्हणजे कोलेस्टेरॉलच असं नाही, आणि डाग नाही म्हणजे सुटलात असंही नाही. रक्त तपासल्याशिवाय कळत नाही. तुमचं वय आणि वजन बघून कुणी परत पाठवलं, तर खुर्चीवरून उठू नका, तपासणी लिहून घ्या. घरातलं कुणी कमी वयात हार्टने गेलं असेल, तर भिंतीवरच्या फोटोवर विसंबू नका. कपाटातला जुना, हात न लावलेला फोटो काढा, पापण्या बघा, आणि डाग दिसोत न दिसोत, याच आठवड्यात स्वतःचं आणि भावंडांचं रक्त तपासून घ्या.