रस्त्याकडे तोंड असलेलं मशीन

समोरच्या त्याच्या मोबाइलच्या दुकानातून दिनकरचा विलास उठून आला आणि म्हणाला, "काका, बाबा गेले." मी पँटीला दुमड घालत होतो. सुई तशीच हातात राहिली… त्याला आता महिना होऊन गेला.

मी चौथी शिकलेला माणूस, लिहायची सवय नाही. पण दिनकरबद्दल सगळेच गोड बोलतात, तेव्हा म्हटलं आपणही काही सांगावं. सदाशिव पेठेत आमचं दोघांचं भागीतलं शिलाईचं दुकान. माझं मशीन भिंतीकडे तोंड करून, त्याचं रस्त्याकडे. कुणी परगावचं, परदेशातलं गिऱ्हाईक आलं की हा काम टाकून त्याच्या देशाची चौकशी करणार. मला म्हणायचा, "भिंतीत काय ठेवलंय, गोविंदा? जग बघ जरा." मी म्हणायचो, "तू बघ. मी तुझ्या वाटच्या पँटी शिवतो."

माझी एकुलती एक सुनंदा कॉम्प्युटर शिकली आणि तिच्या कंपनीनं तिला अमेरिकेला पाठवायचं ठरवलं. मी नाही म्हटलं. बायको आधीच गेलेली, घरात आम्ही दोघंच. दिनकर रोज डोकं खायचा. "अहो गोविंदराव, पोरगी म्हणजे लोणच्याची बरणी आहे का, दादरा बांधून ठेवायला?" शेवटी त्याच्या शब्दावर मी तिला जाऊ दिलं. त्याच सुमाराला त्याच्या विलासची जर्मनीची नोकरी हुकली. "मुलाखतीत नापास झाला रे," म्हणून दिनकर माझ्यासमोर रडला. माझं घर नुकतंच रिकामं झालेलं… तरी मीच त्याला अमृततुल्यात नेऊन चहा पाजला, समजूत काढली.

सुनंदा तिकडेच राहिली. सुखात आहे. फोनवर म्हणते, "बाबा, काकांमुळे मी इथे आहे." खरंच आहे ते.

तेराव्याला मी विलासला म्हटलं, "तू नापास झालास ते बापानं फार मनाला लावून घेतलं होतं." तो म्हणाला, "नापास कुठला, काका? नोकरी पक्की होती. बाबांनी जेवण सोडलं. म्हणाले, तू गेलास तर मी कुणाकडे बघू? तुम्हाला माहीत नव्हतं?"

नव्हतं. इतकी वर्षं पाठीला पाठ लावून बसलो, पण हे नव्हतं माहीत. जग माझ्या पोरीला दाखवलं आणि स्वतःचा पोरगा जवळ ठेवला. वर माझ्याच पैशाचा चहा प्यायला…

परवा पहिल्यांदा त्याच्या मशीनवर बसलो. म्हटलं, बघू तरी याला कुठलं जग दिसायचं. एका बाजूला शेजारच्याची पाटी आडवी येते, दुसरीकडे झाड. मधल्या फटीतून नेमका विलासचा गल्ला दिसतो. मी मान वर केली, तर विलासनं तिकडून हात केला. मला नव्हे. सवयीनं, या स्टुलाला.