काकांना हवा होता एक विरोधक

आमचे काका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचे. विश्व महास्फोटातून जन्मलं, हे त्यांना मान्य नाही. दूरच्या दीर्घिकांचा प्रकाश लालसर होऊन येतो, त्यावरून जग म्हणतं की विश्व फुगतंय. काका म्हणतात, एवढ्या प्रवासात प्रकाश थकतो, म्हणून लाल होतो. मला एवढंच समजतं. बारावीला फिजिक्समध्ये मी ज्या कृपेने पास झालो, ती विज्ञानाची नव्हती.

काकांचं दुखणं वेगळं. त्यांचे लेख परदेशातून परत यायचे, पण चुकलंय कुठे, हे कुणी कळवायचं नाही. "चूक म्हणा रे, पण वाचून म्हणा," एवढंच त्यांचं मागणं. त्यामुळे जेव्हा गंगापूर रोडला एका मिसळवाल्याच्या लॉनवर त्यांचा सत्कार ठरला आणि भाषणानंतर प्रश्नोत्तरं आहेत असं कळलं, तेव्हा ऐंशीतला हा माणूस आठवडाभर आरशासमोर उत्तरं घोकत होता.

सत्काराला प्रमुख पाहुणे गरजले, "सरांनी गोऱ्यांचं सायन्स खोटं पाडलं! आपल्या पूर्वजांना हे सगळं आधीच माहीत होतं!"

मला शिसारी आली. तरी माझे हात टाळ्या वाजवतच होते. लग्नकार्यांतून लागलेली सवय. काकांना शाल, नारळ आणि डोळ्यांवर घसरणारा फेटा मिळाला. मग निवेदक म्हणाला, "सरांनी दोनच शब्द बोलावेत, मिसळ गार होतेय."

काकांनी फेटा वर सारला. "मी कुणाला खोटं पाडलेलं नाही. माझं ज्यांच्याशी भांडण आहे, ते बिचारे जन्मभर गणितं करतात. तुम्ही एक ओळ न वाचता माझ्या बाजूने उभे राहता, याची मला किळस येते."

यालाही टाळ्या पडल्या. शिट्टीसुद्धा.

"आता प्रश्न विचारा," काका म्हणाले. मागून एक हात वर आला. काका ताठ झाले.

"सर, मुलीचा फ्लॅट दक्षिणमुखी आहे. काही उपाय?"

तोवर निम्मी मंडळी तर्रीच्या पातेल्याशी पोचली होती. रश्श्यात बोटं बुडवून आलेले पाहुणे काकांच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढत होते. शालीवर तेलाचे डाग पडले.

परतताना गाडी मीच चालवत होतो. मी पुतण्याचं कर्तव्य केलं. "जाऊ द्या हो काका. बरोबर तुमचंच आहे."

"कशावरून?"

मी गिअर बदलला.

"म्हणजे तूही त्यांच्यातलाच. फक्त मला फेटा तेवढा नाही बांधलास."

झोंबलं. रागारागात जे सुचलं ते बोललो. "बरं, मग नाही पटत मला! थंडीत निफाडहून येताना धुक्यात समोरच्या गाडीचे दिवे कसे फिसकटलेले दिसतात. तुमचा प्रकाश वाटेत कशाकशाला धडकून थकत असेल, तर लांबच्या दीर्घिका तशाच फिसकटलेल्या दिसायला नकोत? फोटोत तर चांगल्या रेखीव असतात!"

काका माझ्याकडे वळले. आता कान धरतात की काय, म्हणून मी डोकं जरा बाजूला घेतलं.

"हा आक्षेप आहे," ते म्हणाले. "चांगला आक्षेप आहे. माझ्याकडे याचं अर्धंच उत्तर आहे. गाडी बाजूला घे."

घेतली. मग काका तासभर बोलले. मी तीन वेळा "नाही पटलं" म्हणालो. त्यांपैकी एकदा खरंच पटलं नव्हतं.