उल्दाई आपांचं दुखणं

शू नदीकाठच्या त्या गावात कुणाचं काळीज भीतीने जागचं हललं की माणसं उल्दाई आपांचं, गावच्या या वडीलधाऱ्या बाईंचं, दार गाठत. आपा रुग्णाला खाली बसवत आणि डोक्यावर जाड कापड टाकत. कुणीतरी वर थंड पाण्याचं भांडं धरी आणि आपा त्यात वितळलेलं शिसं ओतत. पाण्यात शिशाचा जो आकार होई, ती भीती. तीस वर्षांत आपांनी शिशात कुत्री, सासरे, पुरात गेलेली गाय, शाळेतली परीक्षा, सगळं पाहिलं होतं. हाताला गुण होता, जीभ मात्र तिखट. चार बोल सुनावल्याशिवाय आणि तीन वाट्या चहा पाजल्याशिवाय त्या कुणालाच सोडत नसत.

त्या वर्षी थंडीच्या तोंडाशी आपांच्याच छातीत दुखायला लागलं. गोठ्यात बादली नेताना छातीवर कुणी बसल्यासारखं वाटे, जबडा ठणके, मळमळे. आपांनी निदान तिथल्या तिथे केलं. धाकटी लेक लग्न होऊन लांब गेली, त्याचीच ही धास्ती. शेजारच्या कुल्याशकडून त्यांनी स्वतःवर शिसं ओतून घेतलं.

"उंट दिसतोय बाई," कुल्याश म्हणाली.

"उंटाला मी कधी घाबरले गं? नीट बघ."

"मग जावई असेल."

हसून हसून पुरेवाट झाली, पण दुखणं काही हललं नाही. सून अकमारल हे सगळं मुकाट्याने बघत होती. बादली उचलली की दुखतं आणि बसलं की पाच मिनिटांत थांबतं, हे तिने हेरलं होतं. पण सासूला तोंडावर शिकवायची त्या घरात रीत नव्हती. शेवटी एका दुपारी तीच डोक्यावर कापड घेऊन आपांपुढे बसली.

"माझ्यावर ओता, आपा. मला भीती बसलीय."

कुल्याशने भांडं धरलं, आपांनी शिसं ओतलं आणि गोळा उलटसुलट करून पाहिला. "कशाची गं पोरी? मला काहीच ओळखू येईना."

"तुम्ही मराल, याची," कापडाखालून आवाज आला. "भीतीचं दुखणं असं बसल्याबरोबर जातं का, आपा? तुमचं जातं. गावाचं कळतं तुम्हाला, स्वतःचं कसं कळत नाही?"

अकरा वर्षांत सून पहिल्यांदाच एवढं एका दमात बोलली होती. भीतीचं मूळ काढल्याशिवाय रुग्णाला सोडायचं नाही, हा नियम आपांचाच, आणि इथे मूळ त्या स्वतःच होत्या. दुसऱ्या दिवशी दोघी बसने ताराझ शहरात गेल्या.

इस्पितळात एका तरुण डॉक्टरने आपांना आडवं करून ईसीजी काढला. "सगळं ठीक आहे, आजी. या वयात बायकांना होतं असं. चिंता करता तुम्ही. मन शांत करायचे थेंब देतो, ते घ्या."

"चिंता हा माझा धंदा आहे, बाळा," आपा उठून बसत म्हणाल्या. "तीस वर्षं घाबरलेल्या बायका बघतेय. त्या उशीला टेकल्या तरी धडधडतात. मला ओझं उचललं की होतं, आणि तू तपासलंस झोपवून. गोठ्यात मी झोपून जाते का?"

डॉक्टरचे कान लाल झाले. त्याने ईसीजीच्या तारा लावून आपांना चालत्या पट्ट्यावर चालवलं. चौथ्याच मिनिटाला कागदावरची रेघ खाली गेली आणि त्याने स्वतः हात धरून त्यांना उतरवलं. हृदयाची एक वाहिनी जवळजवळ बंद झाली होती. त्याच आठवड्यात स्टेंट बसला. बाहेर बाकावर अकमारल पोटभर रडली आणि मग समोसे घेऊन आली.

आता छाती धरून कुणी बाई आली की आपा शिशासाठी चूल पेटवतच नाहीत. "आधी ताराझला जा. चालवून तपास म्हणावं. कागद आण, मग शिसं." काही जणी तिथेच दाखल होतात. बाकीच्या कागद घेऊन परततात, आणि त्यावर खाली डॉक्टरच्या वाकड्या अक्षरात लिहिलेलं असतं: हृदय चांगलं आहे. भीतीही खरी आहे. उल्दाई आपांनी बघावं.