चालत नाही ते सांगा

माझी जीभ तोंडात मावेना, तेव्हा आमचे मालक ओट्यावर बसून शेजारणीला सांगत होते, "दाढ काढली म्हनल्यावर सुजनारच की."

तासाभरापूर्वी मी तिसगावात दाढ काढून घरी आले होते. डॉक्टरनं दिलेली एक गोळी घेतली आणि थोड्या वेळात ओठ भज्यासारखे फुगले, डोळे मिटायला लागले, अंगभर लाल गांधी उठल्या.

"पित्त हाय," म्हणून मालक आमसूल शोधायला घरात शिरले. (पन्नास वर्षं झाली लग्नाला, आमसुलाचा डबा कुठं असतो ते माहीत नाही!) मी सांगायला गेले, तर घशातून नुसती शिट्टी निघाली.

ती ऐकून सून धावत आली. "मामा, दाढ डावीकडची आन् उजवा डोळाबी सुजलाय. आत्यांना श्वास घेता येईना. दवाखान्यात न्यायला पायजे."

"आगं, आदी आमसूल चोळून तर बघू."

"तुमी चोळत बसा. आमी चाललो."

तिनं मला स्कूटीवर मागं बसवलं, माझे हात आपल्या पोटाशी स्कार्फनं बांधले आणि थेट मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी मांडीत सुई टोचली, नाकाला ऑक्सिजन लावला. जरा दम मोकळा झाल्यावर म्हणाल्या, "आजी, गोळ्या देताना कुणी विचारलं नव्हतं का, काय चालत नाही म्हणून?"

विचारलं होतं. दाताचा डॉक्टर म्हणाला होता, "आजी, तुम्हाला काही चालत नाही असं आहे का?" मी म्हटलं, "चतुर्थीला मीठ चालत न्हाई. आज चतुर्थी न्हाई, द्या काय द्यायचं ते." तो हसला. मलाही काही तरी हुशारीचं बोलल्यासारखं वाटलं.

पडल्या पडल्या आठवलं, मागं पायात खिळा घुसला तेव्हाही एका गोळीनं असंच अंग उठलं होतं. पित्त म्हटलं, आमसूल चोळलं, विसरून गेले. तो माझ्या जिवाचं विचारत होता आणि मी त्याला उपास सांगत बसले.

तेवढ्यात मालक आले. माझ्याच खाटेपाशी उभं राहून मलाच विचारलं, "मावशी, आमची म्हातारी कुठं ठिवलीय?"

सून म्हणाली, "मामा, ह्याच आत्या."

"मग गप कशी?" त्यांना काही पटेना.

मी वाचले. जिभेची सूज उतरायला दोन दिवस लागले. तेवढे दोन दिवस सूनही वाचली.