बाजाराचा दुसरा दिवस

सातपुड्याच्या पायथ्याला आमचं छोटं सामुदायिक रेडिओ केंद्र आहे. तिथे मी आठवड्यातून दोन संध्याकाळी बिनपगारी सूचना वाचतो. आवाज पंधरा किलोमीटर जातो असं सांगतात. मी मोटारसायकलवर ट्रान्झिस्टर बांधून मोजलं, तर अकरा भरले, डोंगराआड त्याहून कमी. पहिल्या वर्षी आलेले फोन वहीत मांडले. त्रेसष्ट निघाले, त्यातले वीस गाणं लावा म्हणणारे. बायको म्हणायची, "घरमा दोन शब्द बोलतस नही, आन तठे फुकट बोलाले जातस."

पावरी बोलीत सूचना सांगणारी एक ताई केंद्रात आहे. तिने मला बजावलं होतं, "भाऊ, पाड्यांवर तारीख सांगून उपयोग नाही. बाजारावरून दिवस सांगा."

त्या बुधवारी ती लग्नाला गेली होती. शनिवारी गावात कृत्रिम पायांसाठी माप घेण्याचं शिबिर होतं, वर्षातून एकदाच होणारं. आमचा बाजार शुक्रवारी भरतो. म्हणून मी वाचलं, "बाजाराच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला, जुन्या गोदामात." आज जमलं, असं वाटलं.

गुरुवारी दुपारी डोंगरातून फोन आला.

"दादा, माझा उजवा पाय नाही. मागच्या वर्षी माप हुकलं. या मंगळवारी नक्की येतो."

"मंगळवारी का?"

"सोमवारी आमचा बाजार ना."

मी शनिवार म्हणेपर्यंत फोन तुटला. त्यांच्याकडे रेंज फक्त टेकडीवर मिळते. एक पाय नसलेला माणूस तिथे चढून बोलला होता. मी सतरा वेळा फोन लावला, लागला नाही. आमच्या टप्प्यातल्या किती पाड्यांचा बाजार सोमवारी असतो, हेही मला माहीत नव्हतं.

त्या संध्याकाळी पाळी माझी नव्हती, तरी मागून घेतली. म्हटलं, "शनिवारी या. आज झोपा, उद्या झोपा, उठलात की निघा." जीपच्या थांब्यावर जाऊन चालकांनाही सांगितलं. शुक्रवारी एक झोप कमी करून पुन्हा वाचलं.

शनिवारी चौदा जण आले. प्रत्येकाला विचारलं, फोन तुम्ही केला होता का? कुणीच केला नव्हता. चारला माप घेणारे तंत्रज्ञ सामान बांधू लागले, तेव्हा मी माझी चूक त्यांना सांगितली. ते म्हणाले, "बुधवारी आम्ही नंदुरबारला आहोत. अकराच्या आत आणा. नंतर मी थांबणार नाही."

मंगळवारी रजा काढून सकाळी आठपासून गोदामाच्या बंद दारापाशी बसलो. तो आला तर काय सांगू, आणि नाहीच आला तर कुठे शोधू, दोन्हींची धास्ती होती. साडेनऊला एक माणूस काठीवर आला. बरोबर बायको, तिच्या डोक्यावर बाजाराची पिशवी.

"रेडिओवाला मीच. दिवस चुकीचा सांगितला. शिबिर शनिवारी झालं."

तो कुलपाकडे पाहत राहिला. "आमी तर तुमचं खरं धरलं," एवढंच म्हणाला.

मी बुधवारचं सांगितलं. त्याची बायको पावरीत काही बोलली आणि तो हसला. "ती म्हणते, मग आज रेडिओवाल्याच्या घरीच राहू."

ते राहिले. जेवताना माझी बायको त्यांना म्हणाली, "यास्नी आख्खं जग मोजं, फक्त बाजार मोजाना ऱ्हायना."

बुधवारी पहिल्याच बसने निघालो. बस वाटेत दोनदा बिघडून थांबली, तेव्हा मी घड्याळ पाहायचंच बंद केलं. दहा वाजून वीस मिनिटांनी माप सुरू झालं. तंत्रज्ञ आकडे बोलत होते, मी तेही वहीत उतरवले. कुणी सांगितलं नव्हतं.

आता माइकशेजारी ताईने लिहून दिलेला कागद चिकटवलेला आहे: कोणत्या पाड्याचा बाजार कोणत्या वारी. तो वाचूनच मी बोलतो. तरी सूचना संपली की अर्धा तास फोनपाशी बसून राहतो.

काही महिन्यांनी फोनवर तोच आवाज आला. "दादा, पाय बसला. बाजारात चालत आलो."

"कोणत्या बाजारात?" मी विचारलं.