निळ्या झाकणाचा डबा

१२ ऑक्टोबर २०१३, शनिवार, सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी हमीदभाईंनी मला मिसोचा डबा आणायला पाठवले. मिसो म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचा जपानी लगदा. "निळ्या झाकणाचा आणा, देवधर. कोपऱ्यावर मिळेल. आणि तिथे दुकानदाराची परीक्षा घेत बसू नका, एक वाजता पाहुणे आहेत."

हमीद परकार मूळचे दापोलीचे. नागोयातील वाहनांचे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात आम्ही एकोणीस वर्षे तपासणी विभागात शेजारी बसलो. हाती आलेली कोणतीही वस्तू ते प्रथम उलटी करून पाहत. माझ्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा चहा पिण्यापूर्वी त्यांनी बशी पालथी करून पाहिली. "वरची बाजू विकणाऱ्याची, खालची आपली," हे त्यांचे नेहमीचे वाक्य. पत्नीला तो प्रकार आवडला नाही. मी तसे सांगितले, तर म्हणाले, "तुम्ही माणसालाही मोजमापाचं गेज लावून बघता. मी निदान बशीवर थांबतो."

२०११ च्या भूकंपानंतर आमच्या ओळखीची बरीच कुटुंबे मायदेशी परतली. हमीदभाईंनी त्याच वर्षी निवृत्ती घेतली, आणि दीड वर्षाने पत्नीसह बारा खुर्च्यांचे हॉटेल काढले. रोकियाभाभी मलेशियातल्या मलाक्याच्या. त्यांची आई पेरानाकान, म्हणजे तेथे पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झालेल्या चिनी व्यापाऱ्यांच्या वंशातली. रांधणे चिनी, मसाला मलायी. आजोळच्या पाककृतींतले डुकराचे मांस आणि मद्य वगळून भाभींनी त्या हलाल करून घेतल्या होत्या. मी दर शनिवारी तेथे जेवत असे. अन्न उत्तम होते. गिऱ्हाईक नव्हते.

त्या दिवशीचे पाहुणे म्हणजे मशिदीचे एक वयस्कर विश्वस्त, सुलेमानसान ('सान' म्हणजे जपानीतले 'राव'), आणि त्यांच्याबरोबरचे तिघे. विद्यार्थ्यांचे शुक्रवारचे जेवण या हॉटेलकडे सोपवावे की नाही, हे ते जेवून ठरवणार होते. ते काम मिळाले तर हॉटेल टिकणार होते. न मिळाल्यास डिसेंबरअखेर जागेचा करार संपत होता, आणि तो वाढवण्याची ऐपत उरली नव्हती.

भाभी कोंबडी आणि बटाटे आंबवलेल्या सोयाबीनमध्ये, ताडगूळ घालून शिजवत. सोयाबीनचा लगदा मलाक्याहून येई. त्या आठवड्यात पार्सल अडकले होते, म्हणून मिसो. भाभी वर गेल्या होत्या तेव्हा मी डबा आणून ओट्यावर ठेवला, खाली आल्यावर त्यांनी तो रिकामा केला. एक वाजता पाहुणे बसले, ताटे गेली. हमीदभाई प्लास्टिकच्या कचऱ्यात टाकण्यासाठी डबा विसळत होते. सवयीने त्यांनी तो उलटा केला आणि नळ बंद केला.

तळाशी बारीक अक्षरांत मद्यार्क लिहिले होते. टिकण्यासाठी घालतात. त्याच कंपनीचे, निळ्याच झाकणाचे दोन प्रकार त्या दुकानात होते. मी हाताला लागला तो उचलला होता.

"उकळीत उडून गेला असेल," मी म्हणालो.

"देवधर, कारखान्यात हे वाक्य मी बोललो असतो, तर तुम्ही मला विभागात ठेवलं असतंत?"

ते बाहेर गेले. सुलेमानसानांनी चमचा उचलला होता. हमीदभाईंनी झुकून त्यांना थांबवले आणि झाले ते जपानीत सांगितले.

"हा डबा कोणी आणला?" सुलेमानसानांनी विचारले.

"स्वयंपाकघर माझं आहे."

"असं पूर्वीही झालं असेल?"

मी दारात उभा होतो. 'नाही' हा एक शब्द पुरेसा होता.

"जे तपासलं, त्यात नाही झालं," हमीदभाई म्हणाले. "जे तपासायचं राहिलं असेल, त्याचं मी कसं सांगू?"

सुलेमानसानांनी चमचा खाली ठेवला. मग म्हणाले, "तुम्ही प्रामाणिक माणूस आहात. पण मला दुसऱ्यांच्या मुलांना जेवू घालायचं आहे." चौघांनी पपनस खाल्ले, आभार मानले आणि ते गेले.

ते काम दुसरीकडे गेले. डिसेंबरात हॉटेल बंद झाले. पुढे पाच वर्षे हमीदभाई जगले, आम्ही भेटत राहिलो, आणि त्या डब्याचा विषय त्यांनी एकदाही काढला नाही. मीही काढला नाही. ते गेल्यावर भाभी म्हणाल्या, "यांना डोळ्यांनी दगा दिला. नाहीतर हे असला डबा विकत घेतील?" तेव्हा कळले की त्यांनी घरातही माझे नाव घेतले नव्हते. मी भाभींना खरे काय ते सांगितले. उशीर पाच वर्षांचा झाला होता. 

त्या शनिवारी पाहुणे गेल्यावर हमीदभाईंनी सगळे अन्न टाकून दिले, दारावर 'आज बंद' अशी पाटी लावली आणि ते नमाजासाठी वर गेले. मी कोट काढून मोठे पातेले घासायला घेतले.

"चूक यांची, आणि भांडी तुम्ही का घासता?" भाभींनी विचारले.

मी नळ मोठा केला. पातेले तीनदा घासले, कोरडे पुसले आणि फळीवर ठेवले.